निशाणदार कार्नी

सन १९०० च्या मे महिन्याच्या २३ तारखेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सरकारनें एका पोस्टमनास 'मेडल ऑफ ऑनर' हें पदक दिलें. रणांगणावरील शौर्याबद्दल त्या देशांत याहून मोठा मान नाहीं. पोस्टमनचें नांव विल्यम हार्वे कार्नी, वय साठ, राहणार मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील न्यू बेडफर्ड या बंदरांत. ज्या कृत्याबद्दल हा मान त्याला मिळाला, तें त्यानें १८ जुलै १८६३ च्या रात्रीं केलेलें होतें. म्हणजे कृत्य आणि गौरव यांच्यामध्यें जवळजवळ सदतीस वर्षें लोटलीं होतीं. तेवढ्या अवधींत तेवीस वर्षांचा सार्जंट म्हातारा झाला, आणि त्या रात्रीं त्याला प्रत्यक्ष पाहणाऱ्यांपैकीं कित्येक मरूनही गेले. हा विलंब कां लागला, आणि मुळांत त्या रात्रीं झालें तरी काय, हें समजण्यास त्या युद्धाची आणि त्या माणसाची थोडी पूर्वपीठिका पाहिली पाहिजे.

'यादवी' हा शब्द आपल्या भाषेंत यादवांच्या कुलक्षयाच्या कथेंतून आला. भाऊबंदांनीं एकमेकांचा संहार केला एवढाच अर्थ त्यांत येतो. संहाराचें कारण त्यांत येत नाहीं. अमेरिकेच्या यादवीला मात्र एक निश्चित कारण होतें, व तें म्हणजे गुलामगिरी. १८६० सालच्या खानेसुमारींत त्या देशांत सुमारें चाळीस लक्ष गुलाम नोंदले गेले होते. आणि दक्षिणेकडील संस्थानांची सारी शेती, विशेषतः कापसाची, त्यांच्या श्रमावर उभी होती. लिंकनची अध्यक्षपदीं निवड होतांच तीं संस्थानें एकामागून एक संघांतून फुटूं लागलीं, आणि १२ एप्रिल १८६१ रोजीं चार्ल्सटन बंदराच्या तोंडाशीं असलेल्या सम्टर किल्ल्यावर दक्षिणेनें पहिला तोफगोळा टाकला. उत्तरेच्या आरमारानें मग दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं. या कोंडीची झळ मुंबईस लागली ती अगदीं उलट्या रीतीनें: लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला, आणि मुंबईंत बँकांचा व कंपन्यांचा सुळसुळाट झाला. १८६५ सालीं तिकडे युद्ध थांबलें आणि इकडे तो सारा डोलारा कोसळला. पुढें आठ वर्षांनीं जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें. त्या झटणाऱ्यांत स्वतः गुलामगिरींत जन्मलेले लोकही लाखाच्या वर होते, ही गोष्ट आपल्याकडे तितकीशी बोलली जात नाहीं. कार्नी हा त्यांपैकींच एक.

त्याचा जन्म २९ फेब्रुवारी १८४० रोजीं व्हर्जिनिया संस्थानांतील नॉरफोक शहरीं झाला. चार वर्षांतून एकदां येणारी ही जन्मतारीख. आणि गंमत अशी कीं, ज्या १९०० सालीं त्याला पदक मिळालें, त्या वर्षीं शतकाच्या नियमामुळें ती तारीख कॅलेंडरांत नव्हतीच! व्हर्जिनियांत कृष्णवर्णीयांना लिहावयास वाचावयास शिकविण्यासाठीं एकत्र जमविणें हा कायद्यानें गुन्हा होता. तरीही एक धर्मोपदेशक नॉरफोकमध्यें गुप्तपणें शाळा चालवीत असे, आणि चौदाव्या वर्षीं कार्नीनें तेथेंच अक्षरें गिरविलीं. बापाबरोबर किनाऱ्यावरच्या मालवाहू गलबतांवर त्यानें कांहीं काळ काम केलें. १८५६ सालीं बाप सुरक्षित जागेच्या शोधांत उत्तरेकडे निघाला. पेनसिल्व्हेनियांत तो टिकला नाहीं, न्यू यॉर्कमध्येंही टिकला नाहीं. कारण १८५० च्या कायद्यानें पळून आलेल्या गुलामास उत्तरेंतूनही पकडून नेण्याची मालकांस मुभा होती. अखेर त्यानें मॅसॅच्युसेट्स गांठलें आणि मागाहून कुटुंब त्याला तेथें जाऊन मिळालें. न्यू बेडफर्ड हें देवमाशांच्या शिकारीवर गबर झालेलें बंदर होतें. जहाजांवर रंगाची फारशी चौकशी न करतां काम मिळे, आणि पळून आलेल्यांना आसरा देणारीं माणसें गांवांत पुष्कळ होतीं. फ्रेडरिक डग्लस हा विख्यात वक्ता गुलामगिरींतून निसटल्यावर १८३८ सालीं प्रथम येथेंच स्थिरावला होता. तरुण कार्नीचा ओढा धर्मोपदेशक होण्याकडे होता, आणि त्याची त्यानें तयारीही चालविली होती.

युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत उत्तरेचें सरकार कृष्णवर्णीयांस सैन्यांत घेण्यास राजी नव्हतें. लढाई संघराज्य टिकविण्यासाठीं आहे, गुलामांसाठीं नव्हे, असें सांगण्याकडे पुढाऱ्यांचा कल होता. शिवाय हे लोक तोफेपुढें उभे राहतील काय, अशी शंकाही उघडपणें बोलली जाई. १ जानेवारी १८६३ रोजीं लिंकननें बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला, आणि त्यांतच अशा लोकांस सैन्यांत घेण्यास मोकळीक दिली. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन अँड्रू याची तयारी होतीच. त्यानें लगोलग '५४ वी मॅसॅच्युसेट्स' ही पलटण उभारली. त्या संस्थानांत कृष्णवर्णीयांची वस्ती थोडी, म्हणून इतर संस्थानांतून आणि थेट कॅनडांतूनही माणसें आलीं. डग्लसचे दोन मुलगे भरती झाले. फेब्रुवारींत न्यू बेडफर्डची एक तुकडी निघाली, तींत कार्नी होता. देवाची सेवा उत्तम रीतीनें करावयाची तर ती देशाची व आपल्या पिडलेल्या बांधवांची सेवा करूनच होईल, असें आपल्याला वाटलें, हें त्यानें त्याच वर्षीं 'लिबरेटर' या गुलामगिरीविरोधी पत्रांत छापून आलेल्या पत्रांत सांगितलें आहे. पलटणीचे अधिकारी मात्र गोरेच नेमले गेले. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ हा बोस्टनच्या एका धनाढ्य घराण्यांतला पंचवीस वर्षांचा तरुण होता.

या शिपायांच्या डोक्यावर दोन गोष्टी टांगत्या होत्या. पहिली शत्रूकडून. दक्षिणेच्या काँग्रेसनें मे महिन्यांत ठराव केला कीं, कृष्णवर्णीय सैनिकांचें नेतृत्व करणारा गोरा अधिकारी हातीं लागल्यास त्याला देहांताची शिक्षा देतां येईल, आणि त्याच्या शिपायांना युद्धकैदी न मानतां त्या त्या संस्थानाच्या हवालीं करावें. हवालीं करणें म्हणजे पुन्हां गुलामगिरी, किंवा फांशी. दुसरी गोष्ट स्वतःच्या सरकारकडून. भरतीच्या वेळीं इतर शिपायांप्रमाणें दरमहा १३ डॉलर पगाराचें वचन होतें. हातावर ठेवावयाची वेळ आली तेव्हां सरकारनें १० डॉलर ठरविले, आणि त्यांतून कपड्यांचे ३ कापून घेण्याचें ठरलें. गोऱ्या शिपायाला १३ आणि त्यावर कपड्यांचा भत्ता, यांना ७! पलटणीनें पैसे घेण्याचें साफ नाकारलें. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानें उरलेली रक्कम आपल्या तिजोरींतून भरून देऊं केली, तीही नाकारली. प्रश्न सहा डॉलरांचा नव्हता. आपण शिपाई म्हणून आलों कीं हमाल म्हणून, हा होता. घरीं बायकामुलें उपाशी असल्याचीं पत्रें येत, तरी जवळजवळ दीड वर्ष हे लोक बिनपगारी लढले. रणांगणावरील धैर्य क्षणाचें असतें; हें धैर्य रोज सकाळीं नव्यानें गोळा करावें लागे, आणि त्याबद्दल कोणतेंही पदक नसतें.

मॉरिस बेटावरचा वॅगनर किल्ला म्हणजे दगडी तट नव्हे. वाळूचे उंच ढीग, त्यांना ताडाच्या जातीच्या झाडांच्या ओंडक्यांचा आधार, पुढें पाण्याचा खंदक, आणि आंत बॉम्बगोळ्यांपासून बचावासाठीं बांधलेलें भक्कम भुयार. चार्ल्सटन बंदर घ्यावयाचें तर हा किल्ला घेतल्यावांचून गत्यंतर नव्हतें. १८ जुलैस दिवसभर उत्तरेच्या चिलखती जहाजांनीं आणि किनाऱ्यावरील तोफखान्यानें त्यावर हजारों गोळे ओतले. आंतली शिबंदी भुयारांत सुखरूप होती. गोळे वाळूंत रुतून वाळूच उडवीत होते. बाहेरच्या सेनापतींची मात्र समजूत झाली कीं किल्ला खिळखिळा झाला. ५४ वी पलटण आदल्या दोन रात्री चिखलांतून चालून आणि होड्यांतून उतरून, झोंपेवांचून व जवळजवळ अन्नावांचून, त्या दिवशीं संध्याकाळीं बेटावर पोंचली. पहिल्या हल्ल्याचा मान हवा काय, असें जनरल स्ट्राँगनें विचारलें, आणि शॉनें तो पत्करला.

येथें निशाणाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, नाहीं तर कार्नीच्या कृत्याचें मर्म ध्यानांत येणार नाहीं. त्या काळच्या लढाईंत बंदुकींच्या दारूचा धूर इतका दाटे कीं, पन्नास पावलांवरचा माणूस ओळखूं येत नसे. गोंगाटांत हुकूमही ऐकूं जात नसे. शिपाई पाही तें निशाणाकडे. निशाण पुढें गेलें कीं पलटणीनें पुढें जावयाचें, तें थांबलें कीं थांबावयाचें, पांगापांग झाली तर त्याच्याभोंवतीं जमावयाचें. तें पडलें कीं पलटण आंधळी झाली. म्हणूनच शत्रूचे नेमबाज प्रथम निशाणदारालाच टिपीत, आणि त्याच्या हातीं बंदूक नसल्यामुळें त्याला प्रत्युत्तरही देतां येत नसे. निशाण गमावणें ही पलटणीची सर्वांत मोठी नामुष्की समजली जाई. यादवी युद्धांतील शौर्यपदकांच्या यादींत शत्रूचें निशाण हिसकावल्याचे किंवा आपलें वांचविल्याचे उल्लेख जागोजाग येतात, त्याचें कारण हेंच.

हल्ल्यापूर्वीं स्ट्राँगनें रांगांसमोर येऊन निशाणदाराकडे बोट दाखविलें आणि विचारलें, हा पडला तर निशाण कोण उचलील? शॉनें तोंडांतील चिरूट काढला आणि शांतपणें म्हटलें, "मी."

पावणेआठच्या सुमारास, तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडांत, सहाशे माणसें निघालीं. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस दलदल, मध्यें वाळूचा निरुंद पट्टा. तो किल्ल्याजवळ इतका आवळत गेला कीं कडेच्या रांगा गुडघाभर पाण्यांतून धावूं लागल्या. दोनशे यार्डांच्या आंत येतांच तटावर एकदम ज्वाळांची रांग उठली. खंदक ओलांडून शॉ तटाच्या माथ्यावर चढला आणि तेथेंच छातींत गोळी लागून पडला. राष्ट्रध्वज घेतलेला निशाणदार त्यापूर्वींच कोसळला होता. तें निशाण कोलमडतांना कार्नीनें पाहिलें, हातांतली बंदूक फेंकली आणि काठी पकडली. तोंपर्यंत त्यालाही पायांत जखम झाली होती. तो निशाणासह तट चढला आणि माथ्यावर त्यानें तें रोवलें. पलटणीचें दुसरें, संस्थानाचें निशाण झटापटींत काठीपासून फाटून शत्रूकडे गेलें. उरलें तें एकच.

पुढची हकीकत कार्नीनेंच नंतर सांगितली. आजूबाजूस पाहिलें तों उभा असा तो एकटाच. बाकी सारे मेलेले अथवा घायाळ. तटाच्या बाहेरच्या उतारास अंग चिकटवून, निशाण धरून तो जवळजवळ अर्धा तास बसून राहिला. वरून हातगोळे पडत होते, गोळ्यांनीं वाळू उडून अंगावर येत होती. इतक्यांत अंधारांतून एक तुकडी येतांना दिसली. आपलेच लोक असें वाटून त्यानें निशाण उंच केलें, आणि दुसऱ्याच क्षणीं तोफेच्या उजेडांत ते शत्रूचे असल्याचें त्याच्या ध्यानीं आलें. निशाण काठीभोंवतीं गुंडाळून तो उतारावरून खालीं धावला, कमरेइतक्या पाण्याचा खंदक ओलांडला. आणि मग गोळ्या लागल्या, छातींत, दंडांत, पायांत, एक डोक्याला चाटून गेली. वाटेंत न्यू यॉर्कच्या पलटणीचा एक शिपाई भेटला. त्यानें कार्नीला आधार दिला आणि निशाण मी घेतों म्हणाला. कार्नीनें नकार दिला: ५४ व्या पलटणीच्या माणसाखेरीज कोणाच्याही हातीं तें द्यावयाचें नव्हतें. गुडघ्यांवर रांगत, एका हातानें जखम दाबीत तो आपल्या माणसांत पोंचला. निशाण पाहून जखमी शिपायांनीं जयघोष केला, तेव्हां तो एवढेंच बोलला कीं, पोरांनो, मीं माझें कर्तव्य केलें. जुन्या निशाणाला जमीन लागूं दिली नाहीं.

किल्ला कांहीं पडला नाहीं. मागून आलेल्या गोऱ्या पलटणींचीही तीच गत झाली. उत्तरेचे पंधराशेंवर लोक मेले, जखमी झाले वा हरवले. ५४ व्या पलटणीचे जवळजवळ निम्मे. शत्रूची हानि त्यामानानें फारच थोडी. किल्ल्यावरच्या लोकांनीं शॉचें प्रेत त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यांत टाकलें. त्यांत अपमानाचा हेतु होता. पण शॉच्या बापानें पुढें कळविलें कीं, त्याला तेथून हलवूं नका, त्याच्या माणसांत असणें हेंच त्याला योग्य आहे. लष्करी दृष्टीनें तो हल्ला चुकीचा होता यांत शंका नाहीं. खंदक खणीत खणीत वेढा जवळ आणला, तेव्हां सप्टेंबरांत शत्रूनें किल्ला आपण होऊन सोडला. तीच रीत आधीं पत्करली असती तर हीं माणसें फुकट गेलीं नसतीं. परंतु 'हे लोक लढतील काय' हा प्रश्न त्या रात्रीनंतर कोणी गंभीरपणें विचारला नाहीं. योग असा कीं, त्याच आठवड्यांत न्यू यॉर्क शहरांत सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगा उसळून जमावानें कृष्णवर्णीयांना रस्त्यांत ठार केलें आणि त्यांच्या मुलांचें अनाथालय जाळलें होतें. दोन्ही बातम्या वर्तमानपत्रांत थोड्याच दिवसांच्या अंतरानें आल्या, आणि उत्तरेंतील बऱ्याच वाचकांना त्या शेजारीं ठेवून पाहाव्या लागल्या. युद्ध संपेपर्यंत सुमारें एक लक्ष ऐंशी हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यांत दाखल झाले.

जखमांमुळें कार्नीला ३० जून १८६४ रोजीं सैन्यांतून निरोप मिळाला. समान पगाराचा कायदा त्याच महिन्यांत काँग्रेसनें मंजूर केला होता. प्रत्यक्ष पैसे पलटणीच्या हातीं पडले ते सप्टेंबरअखेर. म्हणजे कार्नी घरीं निघाला त्या दिवशीं त्याच्या पलटणीनें सरकारचा पगार अजून घेतलेलाच नव्हता. पुढच्या वर्षीं त्याचें लग्न झालें. गांवांतील रस्त्यांच्या दिव्यांची देखभाल त्यानें केली, कांहीं काळ कॅलिफोर्नियांत नशीब अजमावलें, आणि १८६९ सालीं परत येऊन तो टपालखात्यांत लागला. पायांत जुनी गोळीची जखम असलेला हा माणूस पुढें बत्तीस वर्षें न्यू बेडफर्डच्या दारोदार पत्रें वांटीत फिरला.

आतां पदकाची गोष्ट. 'मेडल ऑफ ऑनर' १८६१ सालीं आरमारासाठीं आणि १८६२ सालीं भूसेनेसाठीं सुरू झालें; पण आरंभीं त्याचे नियम फार सैल होते. कोणी अधिकारी शिफारस करील तर तें मिळावयाचें, आणि कार्नीचा कर्नल तर तटावर मरून पडला होता. उलट, मेन संस्थानाच्या २७ व्या पलटणीला मुदत संपल्यावर राजधानीच्या रक्षणासाठीं चार दिवस अधिक राहावें म्हणून पदकाचें आमिष दाखविण्यांत आलें. राहिले तिनशेंच्या आसपास, आणि याद्यांच्या घोटाळ्यानें पदकें निघालीं ८६४! पुढें १९१७ सालीं लष्करी मंडळानें सारी यादी तपासून ९११ नांवें खोडलीं, त्यांत हीं सर्व होतीं. कार्नीचें नांव त्या चाळणींतून राहिलें. कार्नी हा पदक मिळालेला पहिला कृष्णवर्णीय, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें, तें बरोबर नव्हे. रॉबर्ट ब्लेक नांवाच्या खलाशाला तें १८६४ सालींच मिळालें, आणि व्हर्जिनियांतील न्यू मार्केट हाइट्सच्या लढाईबद्दल चौदा कृष्णवर्णीय सैनिकांना. खरें एवढेंच कीं, पदक मिळालेल्या कृष्णवर्णीयांच्या कृत्यांत कार्नीचें कृत्य कालक्रमानें सर्वांत आधींचें आहे.

विस्मरणाचा पडदा हलला तो एका शिल्पामुळें. शॉ आणि त्याची पलटण यांचें ब्राँझचें उत्थितशिल्प ऑगस्टस सेंट-गॉडन्स यानें चौदा वर्षें खपून घडविलें, आणि ३१ मे १८९७ रोजीं बोस्टन येथें त्याचें अनावरण झालें. शॉ घोड्यावर, आणि बाजूस चालणारे शिपाई. पण नमुन्याच्या ठशाचे एकसारखे नव्हेत, प्रत्येकाचा चेहरा निराळा. त्या समारंभांत विख्यात तत्त्वज्ञ विल्यम जेम्स बोलला. त्याचा धाकटा भाऊ याच पलटणींत अधिकारी असून वॅगनरवर जखमी झाला होता. बुकर टी. वॉशिंग्टन यानेंही भाषण केलें. व्यासपीठावर कार्नी होता. वॉशिंग्टननें भाषणाच्या ओघांत त्याचा उल्लेख करतांच तो उठला आणि तेंच निशाण त्यानें उंच धरलें. सभागृहांत जो कल्लोळ उसळला तसा आपण क्वचितच पाहिला, असें वॉशिंग्टननें नमूद करून ठेवलें आहे. त्यानंतर तीन वर्षांनीं पदक आलें.

टपालखात्यांतून निवृत्त झाल्यावर कार्नी बोस्टनच्या राज्यभवनांत निरोप्या म्हणून काम करूं लागला. मॅसॅच्युसेट्सच्या साऱ्या पलटणींचीं युद्धांतील निशाणें याच इमारतींत जतन करून ठेवलेलीं होतीं. १९०८ सालीं तेथल्याच लिफ्टमध्यें पाय सांपडून तो जबर जखमी झाला, आणि त्याच दुखण्यानें डिसेंबरांत वारला. न्यू बेडफर्डच्या ओक ग्रोव्ह स्मशानभूमींत त्याची कबर असून तिच्या शिळेवर पदकाची आकृति बसविलेली आहे. त्याच्या मृत्यूनंतर राज्यभवनावरचें निशाण अर्ध्यावर उतरविण्यांत आलें. एरवीं हा मान गव्हर्नरासारख्या उच्च पदस्थांसाठीं राखलेला असे, निरोप्यासाठीं नव्हे.